रूम टोनचे चाळीस सेकंद

परवा रात्री दोन-अडीचच्या सुमारास पिक्चर लॉक केलं. लॉक म्हणजे आता चित्राला हात लावायचा नाही, पुढं फक्त आवाजाचं आणि कलरचं काम. "झाली का गं तुझी फिल्म?" हे अडीच वर्षांत इतक्या जणांनी विचारलंय, आणि खरंच झाली तेव्हा सांगायला कुणी जागं नव्हतं. गच्चीवर जाऊन थोडा वेळ बसले, खाली आले, झोप काही लागेना. म्हणून हे लिहायला घेतलंय. फिल्मबद्दल सगळं सांगणार नाही, ती तुम्ही बघालच. त्यातल्या चाळीस सेकंदांबद्दल सांगायचंय, जे फिल्ममध्ये नाहीयेत. पण त्याआधी जरा हे काम काय असतं ते सांगावं लागेल.

मी डॉक्युमेंट्री करते, शूटही मीच करते आणि एडिटही मीच. मागं चॅनेल नाही की प्रोड्यूसर नाही. पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात सोलापुरात राहून हे जमतं का. जमतं. फक्त पोटाचं काम वेगळं आणि हे वेगळं. पोटासाठी लग्नं, प्री-वेडिंग (म्हणजे भुईकोट किल्ला नाहीतर हिप्परग्याचा तलाव, जोडप्याला सकाळी सहाला उठवायचं कारण आठनंतर ऊन तोंडावर येतं), शाळांची गॅदरिंगं, दोन-तीन डॉक्टरांचे यूट्यूब व्हिडिओ. लग्नाच्या कामाला आमच्या लाइनमधले काही लोक कमी समजतात, मी नाही समजत. कॅमेरा हातात धरून न हलता उभं राहायला मी लग्नातच शिकले. मंगलाष्टकं परत म्हणा असं भटजींना सांगता येत नाही, मुलगी गाडीत बसताना तिचे बाबा कोपऱ्यात जाऊन चष्मा पुसतात ते एकदाच पुसतात, तिथं तुमचा फोकस चुकला तर चुकला. डॉक्युमेंट्रीत दुसरं काय असतं?

पैशाचं थोडक्यात सांगते. एका संस्थेसाठी बारा मिनिटांची फिल्म केली होती, अर्धे पैसे आधी दिले, फायनल फाइल हातात पडल्यावर फोन उचलणं बंद. त्या पैशावर मी नवीन लेन्सचा हिशोब धरला होता. तेव्हापासून पूर्ण पैसे येईपर्यंत मधोमध माझं नाव असलेलीच कॉपी देते, मग कुणी कितीही ओळखीचं असो. नवीन पोरं विचारतात म्हणून लिहिलं, कॅमेरा कुठला घ्यायचा यापेक्षा हे आधी शिका.

माझ्या वडिलांना अजून वाटतं की डॉक्युमेंट्री म्हणजे पिक्चरच्या आधी लागायची ती. त्यांच्या वेळेला थिएटरवाल्यांना फिल्म्स डिव्हिजनची रिळं दाखवावीच लागायची, धरण, पूर, पंतप्रधानांचा दौरा, आणि तो भारदस्त आवाज. 1948 साली सुरू झालेलं ते खातं 2022 मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं. आता आमच्यासारख्यांची फिल्म दाखवायची म्हणजे फेस्टिव्हल, मुंबईचा मिफ जो 1990 पासून दर दोन वर्षांनी होतो, केरळचा 2008 पासूनचा, बाहेरचे. बाहेरच्यांची फी डॉलरमध्ये असते, दहा ठिकाणी फिल्म पाठवली की एका छोट्या लग्नाचे पैसे गेले. बाबांना मी म्हटलं होतं, की तुम्ही बघितलेल्या डॉक्युमेंट्रीत मागावर काम करणारा माणूस दिसायचा पण बोलायचा तो दिल्लीचा आवाज, मला मागावरच्या माणसालाच बोलताना ऐकायचंय. ते म्हणाले मग ऐक की. तेवढं सोपं नव्हतं ते.

फिल्म एका पॉवरलूमवाल्या घराची आहे, पूर्व भागातली. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, अशोक चौकाच्या पुढं तुम्ही पूर्व भागात शिरलात की गल्लीगल्लीतून तो आवाज सुरू होतो, खटखट-खटखट, दिवसरात्र. इथली बहुतेक घरं पद्मशाली या विणकर समाजाची, तेलंगणातून दुष्काळाला कंटाळून विणकामासाठी आलेली. सोलापुरात जुनी गिरणी 1877 सालची, त्यानंतर बाकीच्या गिरण्या आल्या, गिरण्या बंद पडल्या आणि माग मात्र घरोघरी राहिले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी-हिंदी, शाळेत मराठी. मी शाळेत होते तेव्हा वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुली घरी तेलुगू बोलायच्या, त्यामुळं माझ्या कानात पंधरा-वीस तेलुगू शब्द कायमचे बसलेत. हे पुढं लागणारे.

या घरात चार माग, जकार्डचे, चादरीचे. जकार्ड म्हणजे वर ती भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माळेसारखी लटकलेली असतात, एकेक कार्ड पुढं सरकतं आणि त्या भोकांप्रमाणं उभे धागे वर उचलले जातात, मधून धोटा जातो, आणि चादरीवर मोर नाहीतर फुलं उमटत जातात. मी पहिल्यांदा ते डोक्यावरून फिरणारं कार्डांचं कडं बघितलं तेव्हा तासभर नुसती बघत बसले, कॅमेरा काढलाच नाही. घरच्या आजोबांना सगळे ताता म्हणतात, आजीला अव्वा. नातू कॉलेजला. मुलगा हैदराबादला नोकरीत. चारातले दोनच माग चालू, दोन माग मी जायला लागले तेव्हाच बंद होते कारण तेवढी ऑर्डर नव्हती.

पहिली अडचण आवाज. पॉवरलूमच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या पुढं सहज जातो, आणि 85 च्या वर रोज आठ तास राहिलं तर माणसाचे कान जातात. ताताचे गेलेत. मागावर काम करणारी माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात, दोन बोटं दाखवली म्हणजे कांडी बदल, तळहात पालथा केला म्हणजे थांबव, असं त्या घरातलं स्वतःचं काय काय. माइक काहीही लावा, शेडमध्ये माणसाचा आवाज मिळत नाही. सॉफ्टवेअरनं मागाचा आवाज कापायला गेलं तर माणूस विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा वाटतो, सगळे स वाहून जातात. मी पहिले दोन महिने तेच करत बसले, नॉइज रिडक्शनचे व्हिडिओ बघून बघून डोळे लाल. मग लक्षात आलं की मुलाखतीची वेळ मी नाही, लाइट ठरवणार. लाइट गेली की अख्ख्या गल्लीचे माग एका क्षणात थांबतात. ती शांतता ज्यांनी ऐकलीय त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. आधी कान बधिर झाल्यासारखे वाटतात, मग हळूहळू कुकरची शिट्टी, कुणाच्या घरातलं लहान मूल, लांबून अक्कलकोट रोडचे ट्रक, एकेक आवाज परत येतो. आणि माणसं दारात येऊन बोलायला लागतात, ओरडूनच, कारण सवय. मी बॅग भरून तयारच असायचे. अव्वा माझा फोन वाजवायची, "लाइट गेली बघ, येतीस का?" माझ्या फिल्ममधली निम्मी बोलणी ही लोडशेडिंगमधली आहेत.

तिथल्या ट्यूबलाइटचा त्रास वेगळाच. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, कॅमेऱ्याचं शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवलं तर चित्र स्थिर, जरा इकडं तिकडं झालं की भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. मधून स्वस्तातले एलईडी लावले होते त्यांनी, ते कशालाच ऐकायचे नाहीत, शेवटी मीच दोन चांगल्या ट्यूब आणून बसवल्या. ताता खूश, म्हणाले आता तुटलेला धागा लवकर दिसतो.

असं करत चौसष्ट तासांचं फुटेज जमलं. माझ्या कॅमेऱ्याचं तासाला साधारण 45 जीबी, म्हणजे जवळपास तीन टीबी, आणि त्याच्या तीन कॉप्या, दोन माझ्याकडं वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक जुळे सोलापूरला आत्याच्या कपाटात साड्यांच्या खाली. पूर्वी एकदा एक डिस्क गेली होती, आतून टक टक आवाज यायला लागला आणि संपलं, त्यात एका बाईंची मुलाखत होती ज्या आता नाहीत. त्यांच्या मुलाला फोन करून हे सांगायला मला चार दिवस लागले. त्यामुळं कॉप्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

चौसष्ट तासातनं बावन्न मिनिटं. एडिट म्हणजे कापणं असं लोकांना वाटतं. माझा बहुतेक वेळ कापण्यात नाही गेला, बघण्यात गेला. सगळं एकदा बघायचं, प्रत्येक क्लिपपुढं दोन शब्द लिहायचे, सगळ्या मुलाखती वहीत उतरवायच्या, त्या कागदावर कापून जमिनीवर मांडायच्या आणि सरकवत बसायचं. तेलुगू बोलणी उतरवून द्यायला माझी शाळेतली मैत्रीण, ती बँकेत आहे, रविवारी यायची. उन्हाळ्यात दुपारी पारा 43-44 वर गेला की माझा कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये रात्री दहा ते पहाटे चार असं काम. आणि चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं ते नेमकं पहाटे, म्हणजे एडिट सोडून आधी बॅरल. या सगळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी एखादा प्रसंग जागेवर बसतो. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाचं सात तासांचं शूट होतं माझं, जीव तोडून केलेलं, गर्दीत खांदा निखळायचा बाकी होता. फिल्ममध्ये त्यातला एकही शॉट नाही. छान होतं सगळं, पण ताता त्यात कुठं नव्हतेच, ते त्या दिवशी शेडमध्ये एकटे धागे जोडत बसले होते आणि मी बाहेर रथ टिपत होते. ते अजून लागतं मनाला.

आता ते चाळीस सेकंद.

मुलाखत संपली की आम्ही रूम टोन घेतो. म्हणजे त्याच खोलीत सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि नुसती खोली रेकॉर्ड करायची. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडली तर तिथं मेलेली शांतता ऐकू येते आणि कान दचकतो, तिथं त्या खोलीची स्वतःची शांतता भरावी लागते. पंख्याची घरघर, भिंतीपलीकडचा माग, जे असेल ते. पहिल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत माग बंद असताना मी अव्वाची मुलाखत घेतली, मागं राहायच्या खोलीत. संपल्यावर म्हटलं अव्वा, आता एक मिनिट कुणी बोलू नका. ती मान हलवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी बूम माइक, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरून डोळे मिटून उभी. हेडफोनमध्ये फक्त बूमचा ट्रॅक ऐकत होते. अव्वाच्या पदराला लावलेला लेपल माइक काढायचा राहिला होता. दुसऱ्या ट्रॅकवर तो चालूच होता.

हे मला कळलं तब्बल आठ महिन्यांनी. रूम टोनची फाइल मी मैत्रिणीला दिलीच नव्हती, त्यात कोण काय बोलणार. एका रात्री एका कटखाली तो टोन टाकला, चुकून दुसरा ट्रॅक पण चालू राहिला, आणि भांड्यांच्या आवाजात कुजबुज आली, नातू आणि अव्वा. मला काही कळलं नाही, एक शब्द सोडून. "चेप्पकु." सांगू नको. हा शब्द मला पक्का माहीत, शाळेत खिडकीची काच फुटली की सगळ्या मुली एकमेकींना हेच म्हणायच्या.

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं का? मी थांबले नाही. रविवारी मैत्रिणीला ऐकवलं. तिनं दोनदा ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं. नातू सांगत होता की भंगारवाला येऊन बंद असलेले दोन माग बघून गेला, किलोला अमुक भाव म्हणाला, बाबांशी हैदराबादला फोनवर बोलणं झालंय. आणि अव्वा म्हणत होती, ताताला एवढ्यात सांगू नको.

आता तुम्ही म्हणाल यात काय. पण यात काय आहे ते सांगते. ते दोन माग त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. आणि तुळशीच्या लग्नानंतर ताताची जी मुलाखत मी घेतली, ती माझ्या फिल्मचा कणा होती, त्यात ते ताठ बसून सांगतात, "मीच ठरवलं. मीच म्हणालो देऊन टाका. माझे माग, मी नाही ठरवणार तर कोण ठरवणार?" आणि माझ्याकडं आता पाडव्याचं रेकॉर्डिंग होतं ज्यात त्यांच्या पाठीमागं सगळं ठरलेलं होतं.

मी खोटं बोलणार नाही, पहिल्यांदा मला आनंद झाला. एडिटरला असं काही सापडणं म्हणजे लॉटरी असते. ताताचं "मीच ठरवलं" आणि त्याच्यावर लगेच अव्वाची कुजबुज, खाली सबटायटल, मी त्याच रात्री तो कट लावून बघितला आणि तो जबरदस्त होता, थिएटरमध्ये सगळे श्वास रोखून धरतील असा. पुण्यातल्या एका सीनियर एडिटरना पाठवला, ते म्हणाले हीच तुझी फिल्म आहे. तीन आठवडे तो कट टाइमलाइनवर होता. रोज बघायचे आणि रोज काहीतरी खुपायचं, ताताचा चेहरा त्या कटनंतर बदलायचा, म्हणजे चेहरा तोच पण बघणाऱ्याला तो फसवला गेलेला म्हातारा दिसायला लागायचा. त्यांनी मला जे सांगितलं ते मान वर करून सांगितलं होतं आणि मी ते पाडत होते. आणि अव्वा माझ्याशी बोलतच नव्हती तेव्हा, ती नातवाशी बोलत होती, तिनं पहिल्या दिवशी एका कागदावर सही केली म्हणून तिच्या स्वयंपाकघरातली कुजबुज माझी होते का?

शेवटी मी लॅपटॉप घेऊन अव्वाकडं गेले. ताता मागावर होते, शेडचं दार लोटून घेतलं तरी आवाज भिंतीतून येत होता. तिच्या कानाला हेडफोन लावले, डोक्यावरचा पदर सरकवून मीच लावले, आणि ते चाळीस सेकंद ऐकवले. ती ऐकताना शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाली, "माझाच आवाज हाय की." मी म्हटलं अव्वा हे माझ्याकडनं चुकून झालं, तू नको म्हणालीस तर आत्ता तुझ्यासमोर पुसून टाकते. ती म्हणाली पुसू नको, राहू दे, नातवाचा आवाज चांगला आलाय. पण भाव काढ त्यातला. गल्लीतल्या अजून चार घरचे माग जायचेत, आम्हाला किती मिळाला ते कळलं तर भंगारवाला त्यांनाही तेवढाच देईल, आम्हाला घाईत कमी मिळाला. (म्हणून इथंही भाव लिहिलेला नाही.)

मग मी विचारलं, ताताला नंतर कसं सांगितलंत? तिनं माझ्याकडं असं बघितलं की हिला एवढं पण कळत नाही.

"सांगितलंच नाही. त्यांना आधीच ठाऊक होतं. होळीपासनंच त्या दोन मागांना तेल घालायचं सोडलं त्यांनी."

बंद मागाला पण रोज तेल घालावं लागतं, चाक एकदा हातानं फिरवावं लागतं, नाहीतर तो गंजून धरतो, हे मला माहीत होतं, मीच शूट केलं होतं. मी घरी येऊन जेवले पण नाही. सगळ्या क्लिपांची नावं मी तारखेनं ठेवते. "ताता तेल" असं शोधलं, एकोणीस क्लिप्स आल्या. पहिल्या पाच जानेवारी-फेब्रुवारीच्या, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या पण आहेत त्यात. सकाळी लवकर येतात, दिवा लावतात, तेलाचा कॅन घेतात, चालू असलेले दोन्ही माग झाले की बंद मागांकडं जातात, बेअरिंगवर दोन-दोन थेंब, मग चाकाला हात घालून एक पूर्ण फेरा. पाचही क्लिपांत चार माग. त्यानंतरच्या चौदा क्लिपांत दोन. चौदाच्या चौदा. माझ्या वहीत त्या सगळ्यांपुढं मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे, "रिपीट, नको."

सहाव्या क्लिपची तारीख होळीनंतर तीन दिवसांची आहे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या त्या कुजबुजीच्या आधीची. त्यात ताता दुसऱ्या मागाचं तेल घालून नेहमीसारखे तिसऱ्याकडं वळतात, दोन पावलं टाकतात आणि थांबतात. कॅन हातातच. मग कॅनच्या टोकाला आलेला थेंब बनियनला पुसतात, कॅन फळीवर ठेवतात आणि पहिल्या मागाचं बटण दाबतात. सोळा सेकंद. तेव्हा माग सुरू झाला म्हणून मी कॅमेरा बंद केला होता, बहुतेक वैतागून, कारण मला चौथ्या मागापर्यंतचा चालत जाण्याचा शॉट हवा होता.

ते चाळीस सेकंद मी फिल्ममधून काढले, भावासकट सगळे. फाइल अव्वाला पेन ड्राइव्हवर दिली, नातवाला सांगितलं सांभाळून ठेव. आता फिल्ममध्ये आधी जानेवारीचा चार मागांचा शॉट आहे, पूर्ण, न कापता, एक मिनिट बारा सेकंदांचा, बघणाऱ्याला त्या तेल घालण्याची सवय होईपर्यंत. मग मधली दहा-बारा मिनिटं बाकीचं, अव्वा, नातू, ऑर्डरची वाट बघणं. मग ते सोळा सेकंद, न बोलता. आणि त्याच्या नंतर, लगेच नाही, थोडं थांबून, ताता म्हणतात, "मीच ठरवलं." पुण्याच्या त्या सरांना हे पाठवलं तर म्हणाले पहिला कट जास्त जोरात होता, निम्म्या लोकांना हे कळणारच नाही. बरोबर असेल त्यांचं. मी तरीही हाच ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातेय, साउंड मिक्सला. मिक्सवाल्या मुलाला आधीच सांगून ठेवलंय की शेडचा आवाज सुंदर करू नकोस, खाली दाबू नकोस, बोलणं नीट ऐकू येत नाही तिथं नीट ऐकू येत नाही असंच राहू दे, मी सबटायटल टाकते. आणि त्या सोळा सेकंदांत मी रूम टोन वापरलाय तोच, पाडव्याचा, बूमचा ट्रॅक. त्यात पंखा आहे, लांबच्या गल्लीतला एक माग आहे, आणि अगदी शेवटी, लक्ष देऊन ऐकलं तर, आतल्या खोलीत कुणीतरी भांडं खाली ठेवतं.